चेहऱ्यावर काही आणायचं नाही, मग करायचं काय? चिशू ऱ्यू यांचं काम बघताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. अकोल्यात हौशी रंगभूमीवर आणि राज्य नाट्य स्पर्धेत तुम्ही बरीच वर्षं कामं केलीत. आता पहिल्यांदाच एका लघुपटात मुख्य भूमिका मिळाली आहे. बायको वारलेला बाप, एकुलती एक मुलगी नोकरीसाठी कॅनडाला निघालेली. दोन मोठे प्रसंग तुमच्यावर आहेत: मुलीची बॅग भरणं, आणि तिला विमानतळावर सोडून रिकाम्या घरात परत येणं. तालमीत दिग्दर्शक सारखा म्हणतो, "काका, कमी करा, चेहऱ्यावर काही आणू नका." त्याने यासुजिरो ओझूंचा जपानी चित्रपट 'टोकियो स्टोरी' बघायला सांगितला. तुम्ही पाहिलात, आणि त्यातले म्हातारे वडील झालेले नट चिशू ऱ्यू तुम्हाला दोन तास नुसते हसताना आणि 'हं, हं' करताना दिसले. म्हणून तुम्ही विचारताय की हा खरोखर मोठा नट होता, की मोठ्या दिग्दर्शकाच्या हातातलं बाहुलं? आणि असं 'काही न करणं' शिकायचं कसं? शेवटी तुमच्या वऱ्हाडी हेलाची काळजीही तुम्ही बोलून दाखवली आहे.

मी पुण्यात कॅमेऱ्यासमोरचा अभिनय शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं नाटकातच होतो. रंगभूमीवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक नटाची पहिली अडचण हीच असते. तुमच्या दिग्दर्शकाने तुमच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी काही दिली नाही. नाटकात भावना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची साधनं तुम्ही कमावलीत: आवाजाची फेक, चेहरा, पॉज, टाळीची जागा. ती सगळी खाली ठेवा म्हटल्यावर हात मोकळे राहतात आणि डोकं घाबरतं. घाबरलेला नट स्वतःला आवरून धरतो, आणि कॅमेऱ्याला ते आवरून धरणं स्पष्ट दिसतं. ऱ्यू तसे कधीच दिसत नाहीत. कारण त्यांच्याकडे प्रत्येक क्षणी करायला काहीतरी नेमकं काम असतं.

'टोकियो स्टोरी'ची सुरुवात पुन्हा एकदा बघा. ओनोमिची या गावातल्या घरात म्हातारा-म्हातारी प्रवासाची तयारी करताहेत. हवेची उशी सापडत नाही. बायको म्हणते, माझ्याकडे नाही. हे म्हणतात, तुझ्याकडेच दिली होती. थोड्या वेळाने ती यांच्याच सामानात सापडते. "हं, सापडली." बस्स, एवढंच. माफी नाही, ओशाळं हसू नाही, बायकोकडे चोरटी नजरही नाही. पण त्या जोडप्याचा सगळा संसार तिथे कळतो: हा माणूस घरात हेकेखोर आहे, तिला त्याची सवय आहे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. आता सांगा, ऱ्यू इथे काही करत नाहीत का? ते शोधताहेत. मनापासून शोधताहेत. तुमच्या पटकथेत बॅग भरण्याचा प्रसंग आहे, म्हणून मुद्दाम हा सांगितला.

आता माणसाबद्दल थोडं, कारण त्यांची कारकीर्द कळली की काम बघायची नजर बदलते. चिशू ऱ्यू यांचा जन्म 1904 चा, क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या एका खेड्यात. वडील बौद्ध मंदिराचे पुजारी. मुलानेही तेच करावं या अपेक्षेने ऱ्यू टोकियोच्या तोयो विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकायला गेले. 1925 मध्ये ते सोडून शोचिकू कंपनीच्या कामाता स्टुडिओतल्या अभिनयशाळेत दाखल झाले. वडील गेल्यावर मंदिर सांभाळायला काही काळ गावी जाऊन आले, पण पुन्हा स्टुडिओतच परतले. पुढची साधारण दहा वर्षं त्यांच्या वाट्याला आली ती किरकोळ कामं. गर्दीतला एक, दारातून जाणारा एक, कितीदा तर श्रेयनामावलीत नावही नाही.

या दहा वर्षांना मी फार महत्त्व देतो. ज्या नटाला वीस-बाविसाव्या वर्षी नायकाची भूमिका मिळते, तो चौकटीच्या मध्यभागी उभं राहायला शिकतो. ऱ्यू कडेला असायला शिकले. लक्ष न मागता चौकटीत असणं, समोरचा बोलत असताना खरोखर ऐकणं, हे त्यांना मुरलेलं होतं. त्यामुळे पुढे मुख्य भूमिका मिळाल्या तरी त्यांनी ती सवय सोडली नाही. यासुजिरो ओझू याच स्टुडिओत जवळजवळ त्याच वयाचे दिग्दर्शक होते, आणि त्यांच्या 54 चित्रपटांपैकी 52 मध्ये ऱ्यू आहेत असं सांगितलं जातं. 1936 च्या 'द ओन्ली सन'मध्ये ऱ्यू पहिल्यांदा नजरेत भरले. मोठ्या उमेदीने टोकियोला आलेला आणि शेवटी डुकराच्या मांसाचे कटलेट विकणारा एक मास्तर त्यांनी त्यात केला. वय होतं बत्तीस. 1942 च्या 'देअर वॉज अ फादर'मध्ये ओझूंनी त्यांना पहिल्यांदा मुख्य भूमिका दिली, तीही तरण्याबांड मुलाच्या बापाची.

वयाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. 'टोकियो स्टोरी' 1953 चा. सत्तरीच्या आसपासचे दिसणारे हे आजोबा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. बायको झालेल्या चिएको हिगाशियामा त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, आणि डॉक्टर मुलगा झालेले सो यामामुरा फक्त सहा वर्षांनी लहान! त्याच्या दोनच वर्षं आधी, 'अर्ली समर'मध्ये, ऱ्यू अभिनेत्री सेत्सुको हाराचे थोरले भाऊ झाले होते, आणि तिथे त्यांच्या वडिलांची भूमिका करणारे इचिरो सुगाई वयाने ऱ्यूंपेक्षा लहान होते. रंगभूषेने केस पांढरे होतात, पण तेवढ्याने दोन तास माणूस म्हातारा वाटत नाही. ते कशाने साधलं, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा दाखवतो. ऱ्यू एक क्रिया पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरू करत नाहीत. आधी बसतात. बसून झालं की पंखा हातात घेतात. मग समोर बघतात. मग बोलतात. तरुण माणूस बसता बसता बोलतो, बोलता बोलता वळतो. कंप पावणारा हात, खोकला, वाकलेली कंबर यांतलं काही त्यांना लागत नाही.

आता तुमचा टोकाचा प्रश्न: बाहुलं की नट? याला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी तुमची शंका मान्य करायला हवी. खुद्द ऱ्यूंनी ओझूंच्या निधनानंतर लिहून ठेवलंय की सेटवर येण्याआधीच ओझूंच्या डोक्यात चित्रपट पूर्ण झालेला असे. हात कसा उचलायचा, कसा खाली आणायचा, पापणी कधी लववायची, इथपर्यंत सगळं ते सांगत, आणि नटांनी तेवढं करायचं. ऱ्यू कुशल नट नाही, म्हणूनच मी त्याला घेतो, असं ओझू एकदा म्हणाल्याचंही ऱ्यूंनीच नोंदवलंय, आणि त्यात कुठे कडवटपणा नाही. एका प्रसंगात ओझूंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं: आधी जेवणाच्या काड्यांच्या टोकाकडे बघायचं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि मग मुलाशी बोलायचं. मनात काय आणायचं त्याबद्दल अवाक्षर नाही. त्या क्रमानेच त्या क्षणाला हवा तो भाव आला.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या जेवणाच्या काड्यांत आहे. क्रम ठरवून दिला की नटाच्या मनाला त्यात शिरायला वाट मिळते. ज्याला स्वतःच्या हाताकडे बघावं लागतं, त्या माणसाला बोलायला जड जातंय हे प्रेक्षक आपोआप ओळखतो. तुम्ही 'जड जातंय' हे चेहऱ्यावर आणलंत तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही.

पण एवढ्यावर ऱ्यू बाहुलं ठरत नाहीत, आणि त्याचा पुरावा तुमच्याच कथेला जवळच्या चित्रपटात आहे. 'लेट स्प्रिंग', 1949. कामाकुरात राहणारा विधुर प्राध्यापक आणि त्याला सोडून लग्न करायला तयार नसलेली मुलगी. तिने जावं म्हणून तो खोटंच सांगतो की मीही पुन्हा लग्न करतोय. तिचं लग्न होतं. रात्री तो घरी येतो, खुर्चीवर बसतो आणि सफरचंद सोलायला घेतो. साल सलग लांब निघत जाते, मग गळून पडते. हात थांबतात. मान खाली जाते. या ठिकाणी ओझूंना ऱ्यूंनी हंबरडा फोडायला हवा होता. ऱ्यू म्हणाले, मला ते जमणार नाही. ज्या दिग्दर्शकाची प्रत्येक सूचना त्यांनी पाळली, त्याला या एका जागी त्यांनी नाही म्हटलं, आणि ओझूंनी ते मानलं. आज ओझूंच्या सगळ्या कामातला सर्वांत गाजलेला शेवट म्हणून लोक ज्या क्षणाकडे बोट दाखवतात, तो नटाने सुचवलेल्या मर्यादेतून आलेला आहे. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे इतकं स्वच्छ माहीत असणं, आणि ते ऐन चित्रीकरणात बोलून दाखवणं, याला मी फार मोठी अभिनयाची समज म्हणतो.

दुसरा पुरावा म्हणजे ओझूंखेरीज केलेलं काम. 12 डिसेंबर 1963 रोजी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, ओझू गेले. ऱ्यू त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं काम करत राहिले. 1967 च्या 'जपान्स लाँगेस्ट डे'मध्ये ते दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या शरणागतीच्या वेळचे पंतप्रधान कांतारो सुझुकी झाले. 1969 पासून 'तोरा-सान'च्या प्रचंड लोकप्रिय चित्रपटमालिकेत टोकियोतल्या शिबामाताच्या मंदिरातले पुजारीबाबा झाले, ते थेट 1992 पर्यंत. मंदिर सोडून आलेला मुलगा अशा रीतीने सगळ्या देशाचा पुजारी झाला. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या 'ड्रीम्स'च्या (1990) शेवटच्या भागातले पाणचक्क्यांच्या गावातले आजोबा तेच. वय पंचाऐंशीच्या आसपास, आणि एका अंत्ययात्रेत ते आनंदाने नाचत सामील होतात. ओझूंची चौकट नाही, ओझूंच्या सूचना नाहीत, तरी माणूस तितकाच भरीव. मार्च 1993 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर 160 हून जास्त चित्रपट होते. बाहुल्याला स्वतःचं आयुष्य नसतं; या माणसाला तीन पिढ्यांनी घरातलं मानलं.

'टोकियो स्टोरी'त ते फक्त हसतात, हेही तितकंसं खरं नाही. जुन्या मित्रांबरोबर दारू पिण्याचा प्रसंग आठवा, आणि त्यानंतर मध्यरात्री मुलीच्या पार्लरमध्ये झिंगलेल्या अवस्थेत खुर्चीत कोसळणं. तिथे शरीर पूर्ण सैल सोडलेलं आहे. आयुष्यभर नीटनेटका राहिलेला माणूस एका रात्री कसा ढेपाळतो ते दिसतं, आणि ते मुळीच 'कमी' नाही. म्हणजे त्यांच्याकडे मोठी पट्टीही होती. कुठे वापरायची ते त्यांना माहीत होतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. यावर तुम्ही दिग्दर्शकाशी बोलायलाच हवं, कारण ओझूंची शांतता फक्त नटाच्या जोरावर उभी नाही. त्यांचा कॅमेरा जमिनीलगत, जवळजवळ न हलणारा. भिंग बहुतेक नेहमी 50 मिलिमीटरचं. माणूस येण्याआधी खोली दिसते, गेल्यावरही ती क्षणभर दिसत राहते. नटाने क्रिया संपवली की मगच कट. अशा चौकटीत सफरचंद सोलायला वेळ मिळतो. तुमच्या लघुपटाचा संकलक वाक्य संपताक्षणी कापणार असेल, किंवा प्रसंग हातातल्या हलत्या कॅमेऱ्याने टिपणार असतील, तर हेच काम पडद्यावर निर्जीव दिसू शकतं. दैनंदिन मालिकेत तर मी ऱ्यूंची पद्धत वापरा असं कुणाला सांगणार नाही. तिथे तीन-तीन क्लोजअप आणि मागे संगीत असतं, तिथली गरज वेगळी आहे आणि ती भागवणारे उत्तम नट आपल्याकडे आहेत. म्हणून विचारा: शॉट किती जवळचा आहे? माझे हात चौकटीत आहेत का? वाक्यानंतर किती वेळ कॅमेरा चालू राहणार? हात चौकटीत नसतील तर नजरेच्या क्रमावर काम करावं लागेल.

तुमच्या प्रसंगांकडे येतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना पटकथेतला प्रसंग पुन्हा लिहायला लावतो, पण फक्त क्रियापदांत. उचलतो, ठेवतो, मोजतो, बघतो, थांबतो. 'वाईट वाटतं', 'आठवतं', 'गलबलून येतं' असलं काही आलं की खोडायचं. तुमच्या बॅगेच्या प्रसंगात सोन्यासारखं काम आयतं आहे: वजन. विमान कंपनीची मर्यादा ठरलेली असते, आणि प्रत्येक बापाला ती ओलांडली जाईल याची धास्ती असते. वजनकाट्याला खरी बॅग लावा, खऱ्या सामानाने भरलेली. आकडा वाचा. काहीतरी बाहेर काढा. पुन्हा लावा. मुलगी तिचं वाक्य बोलेल तेव्हा तुमची नजर आकड्यावर असू द्या, आणि उत्तर आकडा वाचून झाल्यावर द्या. बॅगेतून काय काढायचं हे मात्र तुम्ही आणि दिग्दर्शकाने नीट विचार करून ठरवा. त्या एका निवडीत बापलेकीचं नातं येईल.

काम खरं हवं, हे पुन्हा सांगतो. नाटकात आपण रिकाम्या कपातून चहा पितो आणि ते खपतं. कॅमेऱ्यासमोर रिकामी बॅग उचलली की खांदा खोटं बोलतो.

परत येण्याच्या प्रसंगात तुम्हाला रडायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. पटकथेत तसं लिहिलंय की तुम्हाला तसं वाटतंय? दोन्हींत फरक आहे. पटकथेत असेल आणि तुम्हाला खरोखर रडू येत असेल, तर रडा. ऱ्यूंना जमलं नाही म्हणून तुम्हीही टाळायलाच हवं असं काही नाही. रडणारे बाप खरेच असतात. पण ते ओढूनताणून आणावं लागत असेल, तर दिग्दर्शकाला आधीच सांगा, आणि सोबत पर्याय घेऊन जा. नुसतं 'जमत नाही' म्हणणारा नट अडचणीत टाकतो. 'हे जमत नाही, पण हे करून दाखवू का?' म्हणणाऱ्याचं दिग्दर्शक ऐकतो. आणि ते करून दाखवताना सफरचंद सोलू नका. ते ऱ्यूंचं झालं. तुमच्या घरात रात्री परत आलेला माणूस काय करतो? चप्पल काढतो, किल्ली खुंटीला लावतो, दूध तापवतो, नळ नीट बंद झालाय का बघतो. यातलं जे काम मुलगी करायची आणि आता त्याला करावं लागतंय, ते निवडा, आणि ते काम अर्ध्यात कुठे थांबतं ते शोधा.

हेलाबद्दल. ऱ्यूंच्या बोलण्यातला कुमामोतोचा गावाकडचा हेल आयुष्यभर गेला नाही. सुरुवातीला त्याची अडचण झाली असणार. त्या दहा वर्षांत मोठी कामं न मिळण्यामागे तेही एक कारण मानलं जातं. पण पुढे तोच हेल लोकांना या माणसाच्या सचोटीची खूण वाटू लागला. 'लेट स्प्रिंग'मध्ये ते प्राध्यापक आहेत, तरी तो हेल आहेच. एका स्तंभलेखकाने या बोलण्याची टर उडवली तेव्हा त्या साप्ताहिकाकडे वाचकांची निषेधाची शेकडो पत्रं गेली. तुमचं पात्र अकोल्याचं असेल तर हेल पुसायचा विचारही करू नका. पात्र पुण्या-मुंबईचं दाखवलं असेल, तर दिग्दर्शकाला विचारा की हा माणूस मूळचा विदर्भातला असायला काय हरकत आहे? पटकथेत एखादं वाक्य बदलावं लागेल, इतकंच. अर्धवट पुसलेला हेल सगळ्यांत वाईट, कारण मग नटाचं लक्ष समोरच्या माणसाकडे न राहता स्वतःच्या उच्चारांवर जातं. आणि समोरच्याकडे लक्ष असणं, हे तर ऱ्यूंच्या त्या प्रत्येक 'हं'मागचं भांडवल आहे. ते 'हं' एकदा आवाज बंद करून, नुसत्या डोळ्यांकडे बघत पाहा. प्रत्येक वेळी वेगळं काही ऐकून झालेलं असतं.

थोडक्यात, चित्रीकरणाआधी तीन कामं करा: प्रसंग क्रियापदांत लिहा, नजरेचा आणि हाताचा क्रम ठरवा, आणि शॉट व कट याबद्दल दिग्दर्शकाशी बोला. बघायचं असेल तर 'टोकियो स्टोरी' पुन्हा नको, आधी 'लेट स्प्रिंग' बघा, मग 1962 चा 'ॲन ऑटम आफ्टरनून'. तो ओझूंचा शेवटचा चित्रपट, त्यातही ऱ्यू मुलीचं लग्न लावून देणारे बापच आहेत. तेरा वर्षांच्या अंतराने त्याच नटाने तोच बाप केला, तरी माणूस वेगळा झालाय: पहिला घरी परतून गप्प बसतो, दुसरा पिऊन येतो आणि नौदलाचं गाणं गुणगुणतो. दोन्ही शेवट लागोपाठ बघा आणि दोन्हींची क्रियापदं कागदावर लिहून काढा. ती यादी आणि तुमच्या प्रसंगाची यादी मला पाठवा. मग तुमच्या क्रमात कुठे घाई होतेय ते मला नेमकं सांगता येईल.